गावाला न जाणारं इंजिन

आजच्या गप्पांचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, रेल्वेच्या इंजिनाचं आणि आपलं काय? पण थोडं थांबा, शेवटपर्यंत ऐका. इंजिनाच्या गोष्टीत आपल्याही घरातली गोष्ट असू शकते, हे मला साठी उलटल्यावर कळलं. म्हणून ती तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझं बालपण एका जंक्शनच्या गावात, रेल्वेच्या चाळीत गेलं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा यार्डात शंटिंगच्या टोळीत होते. शाळेत बाई विचारायच्या, "वडील काय करतात?" मी सांगायची, "रेल्वेत आहेत." मग लगेच पुढचा प्रश्न यायचा, "गाडी चालवतात का?" नाही म्हटलं की बाईंचा चेहरा जरा उतरायचा. गाडी चालवणारा ड्रायव्हर सगळ्यांना माहीत असतो. झेंडी दाखवणारा गार्डही माहीत असतो. पण गाडी सुटण्याआधी ती जोडणारा, आणि पोचल्यावर ती फोडून पुन्हा लावणारा माणूस कुणाला ठाऊक नसतो.

आबांच्या यार्डातलं इंजिनही तसंच होतं. दिवसभर धापा टाकायचं, पुढे जायचं, मागे यायचं, पण गावाची वेस काही ओलांडायचं नाही. आई हसून म्हणायची, "हे इंजिन म्हणजे मीच. दिवसभर राबते, आणि संध्याकाळी बघावं तर तिथल्या तिथेच."

आधी यार्डात काम काय चालतं ते सांगते, कारण तिथे आत जायला कुणालाच मिळत नाही. मालगाडी आली की तिच्यात सगळ्या गावांचा माल एकत्र असायचा. एक वाघीण सिमेंटची, दुसरी गव्हाची, तिसरी कोळशाची. मालाच्या डब्याला आपल्या मराठीत वाघीण म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, आबा खरोखरच वाघिणींशी झुंजायला जातात! तर ह्या वाघिणींपैकी कुणी पूर्वेला जायची, कुणी दक्षिणेला. आपण तांदूळ निवडायला बसतो, खडे एकीकडे, कणी एकीकडे, धड दाणे एकीकडे करतो. यार्ड म्हणजे असलंच एक प्रचंड मोठं सूप. तिथे गाड्या निवडायचे, वेगळ्या करायचे आणि पुन्हा नव्याने जोडायचे. ह्या ढकलाढकलीला शंटिंग म्हणतात.

माझी भाची शेफील्डला नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेले होते. तिथून जवळच वाथ नावाचं एक लहान गाव आहे, दक्षिण यॉर्कशायरमध्ये, डर्न नदीच्या खोऱ्यात. एकेकाळी तिथलं यार्ड सगळ्या इंग्लंडात गाजलेलं होतं. आणि तिथे जी इंजिनं काम करायची, तशी शंटिंगची भारी इंजिनं त्या देशात क्वचितच झाली. त्यांची हकीकत वाचताना मला सारखे आबा आठवत होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ह्या खोऱ्यात कोळशाच्या खाणीच खाणी होत्या. वाथपासून दहा मैलांच्या आत पंचेचाळीसच्या आसपास खाणी होत्या असं सांगतात. प्रत्येक खाणीतून रोज वाघिणी भरून निघायच्या. काही लँकेशायरच्या गिरण्यांकडे जायच्या, काही बंदराकडे, काही शहरातल्या घरांकडे. तेव्हा तिकडे चूल कोळशाची, शेगडी कोळशाची, अंघोळीचं पाणीही कोळशावरच तापायचं. त्यामुळे खाणीतून निघालेली वाघीण वेळेवर पोचली नाही तर कुठल्या तरी बाईची चूल पेटत नसे.

हा कोळसा वाहणारी कंपनी होती ग्रेट सेंट्रल रेल्वे. वेगवेगळ्या खाणींच्या वाघिणी वाटेतल्या लहानलहान ठिकाणी लावत बसायचं तर गाड्यांची रांग लागायची. म्हणून कंपनीने ठरवलं की सगळ्या वाघिणी एकाच जागी गोळा करायच्या आणि तिथेच निवडायच्या. 1907 साली वाथचं यार्ड सुरू झालं. आतले रूळ एकापुढे एक मांडले असते तर 36 मैल भरले असते, म्हणजे जवळजवळ 58 किलोमीटर. चोवीस तासांत 5,000 वाघिणी निवडता याव्यात असा त्याचा आराखडा होता.

एवढ्या वाघिणी हाताळायच्या कशा? त्यासाठी तिथे एक युक्ती केली होती. रुळांच्या वाटेवर मातीचा भराव घालून एक बुटकं टेकाड तयार केलं. रेल्वेच्या भाषेत त्याला हंप म्हणतात. आपल्याकडे मुघलसरायला असंच मोठं यार्ड होतं. गाडीच्या मागे इंजिन लावायचं आणि सगळी गाडी हळूहळू टेकाडावर ढकलायची. वाघिणींमधल्या साखळ्या सोडायच्या. वाघीण माथ्यावर पोचली की पलीकडच्या उतारावरून आपल्या वजनानेच घरंगळत जाते. पुढे सांधे बदलून एकीला ह्या रुळावर घ्यायचं, दुसरीला त्या रुळावर. इंजिनाने प्रत्येक वाघिणीमागे धावायची गरज उरत नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण ढकलणाऱ्या इंजिनाचं काम फार अवघड. साठ-सत्तर भरलेल्या वाघिणी चढावर न्यायच्या, आणि त्याही माणसाच्या चालीने. वेग वाढला तर वाघिणी एकमेकींवर आदळणार, थांबला तर उतारावरचं सगळं काम खोळंबणार. गाडी धावत असली की तिला स्वतःचा रेटा असतो. मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या गाडीला कसला रेटा? पाऊस पडून रूळ ओले झाले की साध्या इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगर फिरतात. इंग्लंडात पाऊस तर रोजचाच.

ग्रेट सेंट्रलचे मुख्य इंजिनिअर होते जॉन रॉबिन्सन. त्यांनी ह्या एकाच कामासाठी इंजिनाचा नवा नमुना काढला. मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कारखान्याने अशी चार इंजिनं बांधली. 1907 संपता संपता आणि 1908 च्या सुरुवातीला ती वाथला आली. कंपनीने त्या वर्गाला 8एच असं नाव दिलं. प्रत्येकाचं वजन शंभर टनांच्या जवळपास. एकमेकांना दांड्यांनी जोडलेली आठ चाकं, प्रत्येक चाक चार फूट आठ इंच उंचीचं, आणि मागे कोळशाचा नि पाण्याचा भार पेलायला आणखी चार लहान चाकं. चाकं मुद्दामच लहान ठेवली होती. मोठं चाक वेगासाठी असतं, लहान चाक जोरासाठी. कोळसा आणि पाणी इंजिनाच्या अंगावरच भरलेलं, कारण त्याला लांब जायचंच नव्हतं.

पण खरी गंमत सिलिंडरांत होती. साध्या इंजिनाला दोन सिलिंडर असतात. वाफ आत शिरते, दट्ट्या पुढेमागे होतो, आणि त्याच्या जोराने चाक फिरतं. दोन सिलिंडर असले की चाकाच्या एका फेरीत चार धक्के बसतात. रॉबिन्सननी तीन सिलिंडर लावले, म्हणजे एका फेरीत सहा धक्के. ज्यांनी उखळात कांडण केलं आहे त्यांना हे लगेच कळेल. दोघीजणी कांडतात तेव्हा दोन घावांमध्ये जरा वेळ जातो. तिसरी आली आणि तिघींनी ताल धरला की मुसळाचा घाव कुठे थांबला आणि कुठे सुरू झाला ते ओळखू येत नाही. जोर सारखा लागत राहतो. तसंच ह्या इंजिनाचं होतं. जोर एकदम उसळायचा नाही आणि एकदम ओसरायचाही नाही, म्हणून चाक रुळावरून सहज घसरत नसे. यार्डातल्या माणसांनी ह्या शंभर टनी धुडांना लाडाने डेझी म्हणायला सुरुवात केली. डेझी म्हणजे रानात उगवणारं पांढरं फूल. कामाच्या ठिकाणी माणसं अशी नावं ठेवतात तेव्हा समजावं की त्या वस्तूने त्यांचं काम हलकं केलं आहे.

काम हलकं झालं खरं, पण ते इंजिनाचं. माणसांचं काय?

त्या वाघिणींना आपल्या प्रवासी गाडीसारखे ब्रेक नसत. मधली जोडणी म्हणजे लोखंडाच्या साध्या कड्या. त्या काढायला शंटिंगवाल्याच्या हातात लांब काठी असे, तिच्या टोकाला आकडा. चालत्या वाघिणींच्या शेजारून चालत चालत तो आकडा कडीत अडकवायचा, मनगटाचा एक झटका द्यायचा आणि कडी सोडवायची. दिवसा, रात्री, धुक्यात आणि बर्फातही. टेकाडावरून सुटलेली वाघीण जोरात चालली तर दुसरा माणूस तिच्याबरोबर धावायचा आणि बाजूचा ब्रेकचा दांडा आपल्या अंगाच्या भाराने दाबून धरायचा. एक पाय घसरला की संपलंच.

अमेरिकेत 1893 साली कायदा झाला की डबे आपोआप जोडले जातील अशी कपलिंगं लावा, माणसाला दोन डब्यांच्या मध्ये उभं करू नका. इंग्लंडात 1900 साली रेल्वे कामगारांच्या अपघातांना आळा घालणारा कायदा आला. पण कडीची वाघीण आणि आकड्याची काठी तिथे त्यानंतरही कितीतरी वर्षं चालूच राहिली. लाखो वाघिणी बदलायच्या म्हणजे खर्च केवढा मोठा! वाघिणी पुष्कळशा खाणमालकांच्या होत्या, रूळ रेल्वे कंपनीचे होते, आणि हात कामगाराचे होते. बदलाचा खर्च कोणी करायचा ह्यावर वाद चालायचा, आणि तोपर्यंत हातांचं जे व्हायचं ते होतच राहायचं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या आबांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. पावसाळ्यातली रात्र होती, मी तेव्हा सहा वर्षांची. दोन वाघिणींच्या मध्ये वाकून आबा कपलिंग लावत होते, आणि मागून गाडीला नको त्या वेळी धक्का बसला. दिवा दाखवायच्या आधीच गाडी हलली, असं त्यांच्या टोळीतले लोक सांगत. चौकशीत आबांचा निष्काळजीपणा असं लिहिलं गेलं. आबा त्यावर कधी बोलले नाहीत. आई मात्र आयुष्यभर रात्रपाळीच्या दिवशी झोपली नाही. चाळीतल्या सगळ्याच बायकांचं तसं होतं. यार्डातून इंजिनाच्या ठरावीक शिट्ट्या येत असल्या की त्या निवांत असत. मध्येच सगळं शांत झालं की एकेक दार उघडायचं. बायका व्हरांड्यात येऊन उभ्या राहायच्या आणि कुणी काही बोलायचं नाही. शेजारच्या काकू पुटपुटायच्या, "वाजू दे रे बाबा, वाजू दे." मग शिट्टी वाजली की सगळ्या आत जायच्या. वाथच्या बायकाही अशाच दारात उभ्या राहत असतील का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

वाथची गोष्ट पुढे नेते. 1912 साली ग्रेट सेंट्रलने पूर्व किनाऱ्यावर इमिंगहॅमचं नवं बंदर उघडलं. राजे पंचम जॉर्ज स्वतः उद्घाटनाला आले, आणि कंपनीचे मुख्य व्यवस्थापक सॅम फे यांना त्यांनी तिथल्या तिथेच सर ही पदवी दिली. बंदरावर सोहळा झाला. त्या बंदराकडे जाणारा कोळसा ज्या यार्डांतून निवडून जात होता, तिथे मात्र त्या दिवशीही नेहमीसारखी ढकलाढकली चालू असणार.

1923 साली इंग्लंडातल्या बहुतेक सगळ्या रेल्वे कंपन्यांचं एकत्रीकरण होऊन चार मोठ्या कंपन्या झाल्या. वाथ लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेकडे गेलं, आणि डेझींना एस1 हे नवं नाव मिळालं. तीनच वर्षांनी, 1926 साली, खाणमालकांनी मजुरी कमी करून कामाचे तास वाढवायचं ठरवलं. कामगारांनी ते मानलं नाही, तर खाणींना टाळी लागली. मे महिन्यापासून हिवाळा येईपर्यंत खाणकामगारांच्या घरी पगार नव्हता. खाणीतून कोळसा वर आला नाही तर यार्डाने काय निवडायचं? इंजिन कितीही भारी असलं तरी ते शेवटी खाणीतल्या माणसाच्या हातावरच चालतं.

पुढे नव्या कंपनीचे मुख्य इंजिनिअर नायजेल ग्रेस्ली यांनी ह्या नमुन्यात एक भर घातली. मागची लहान चाकं नुसता भार पेलायची. त्यांनाही एक छोटं वाफेचं इंजिन जोडलं तर? त्या जोडइंजिनाला बूस्टर म्हणतात. 1932 साली जुन्यांपैकी एकाला बूस्टर बसवला, आणि बूस्टरसकट दोन नवी इंजिनं गॉर्टनच्या कारखान्यात बांधली. म्हणजे एकूण सहा झाली. बूस्टर लावल्यावर त्यांची ओढ 47 हजार पौंडांच्या घरात गेली. तेव्हा इंग्लंडातल्या फार थोड्या इंजिनांत एवढी ताकद होती. आणि ही ताकद वापरायची कुठे, तर यार्डातल्या त्या टेकाडावर, चालत्या माणसाच्या वेगाने!

त्याच काळात केंब्रिजशायरमधल्या मार्च गावाजवळ व्हाइटमूर यार्डात आणखी एक बदल झाला. 1929 साली तिथे उतारावरच्या रुळांना पाण्याच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवले. वाघीण घरंगळत आली की रुळालगतच्या पट्ट्या तिची चाकं धरायच्या. इंग्लंडात असं पहिल्यांदाच झालं. वाघिणीमागे धावणाऱ्या माणसाचं काम आता वर खोलीत बसलेला माणूस खटका दाबून करू लागला. किती पाय आणि किती हात त्यामुळे वाचले असतील! शोध म्हटला की आपल्याला विमान आठवतं, रेडिओ आठवतो. रुळाला लावलेला ब्रेक कुणाच्या लक्षात राहतो?

मग दुसरं महायुद्ध आलं. पुरुष सैन्यात गेले आणि रेल्वेच्या कामावर बायका आल्या. युद्धाच्या काळात इंग्लंडच्या रेल्वेत एक लाखाहून जास्त बायका काम करत होत्या. सामान वाहणं, सिग्नलच्या खोलीत दांडे ओढणं, मालगाडीवर गार्ड म्हणून जाणं, इंजिनं पुसून साफ करणं, सगळं त्यांनी केलं. इंजिनाच्या आत जाऊन आगीसमोर उभं राहण्याची परवानगी मात्र त्यांना मिळाली नाही. काजळी पुसायला बाई चालत होती, पण हातात इंजिन द्यायला नाही. युद्ध संपल्यावर त्यांच्यातल्या बहुतेकींना घरी पाठवलं.

युद्धानेच ह्या इंजिनांचाही शेवट जवळ आणला. बूस्टर सांभाळणं जिकिरीचं होतं, म्हणून 1943 साली ते काढून टाकले. 1944 आणि 45 साली त्याच कंपनीने डिझेलची चार शंटिंग इंजिनं आणली आणि व्हाइटमूरला कामाला लावली. साडेतीनशे अश्वशक्तीचं ते लहानसं इंजिन दिसायला पेटीसारखं होतं. पण वाफेच्या इंजिनाला पहाटे उठून पेटवावं लागतं, दिवसभर पाणी आणि कोळसा पाजावा लागतो, राख काढावी लागते. काम नसलं तरी ते जळतच राहतं. डिझेल मात्र हवं तेव्हा सुरू आणि हवं तेव्हा बंद. स्टोव्ह आणि गॅस घरात आल्यावर आपण चुलीकडे वळून तरी पाहिलं का? तसंच ते झालं. 1954 ते 1957 ह्या काळात सहाही डेझी कामावरून काढल्या आणि मोडीत घातल्या. त्यांच्यातली एकसुद्धा आज शिल्लक नाही.

यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात भाची मला घेऊन गेली. तिथे मॅलार्ड नावाचं निळंशार इंजिन आहे. 1938 साली त्याने ताशी 126 मैल वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो जगातला विक्रम आहे. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते, मीही काढला. तेही तीन सिलिंडरचं, तेही ग्रेस्लींचंच. त्या जातीची 35 इंजिनं झाली, त्यांतली सहा आजही जपून ठेवली आहेत. डेझी सहाच झाल्या आणि सहाही भंगारात गेल्या. वेगाने धावणाऱ्याला आपण लक्षात ठेवतो. त्याच्या वाटेतल्या वाघिणी बाजूला करणारं कोण होतं, हे कुणी विचारत नाही.

इथे आपल्या मुंबईशी एक धागा जुळतो. मँचेस्टर, शेफील्ड आणि वाथ जोडणारा डोंगरातला मार्ग विजेवर आणला, तो 1952 ते 54 च्या दरम्यान. त्यासाठी 1500 व्होल्टची डीसी वीज वापरली. आपल्या बोरीबंदरहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी धावली ती 3 फेब्रुवारी 1925 ला, तीही 1500 व्होल्ट डीसीवरच. म्हणजे ह्या बाबतीत मुंबई वाथच्या पाव शतक पुढे होती! आपल्या घाटात मालगाड्या ओढणाऱ्या जुन्या विजेच्या इंजिनाला आपली माणसं खेकडा म्हणायची. म्हातारपणी ते खेकडेही यार्डात शंटिंगला लावले होते. त्यांतला एक वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवला आहे. मुलांना घेऊन गेलात तर जरूर दाखवा.

वाथचं पुढे काय झालं? 1981 साली डोंगरातला तो विजेचा मार्ग बंद झाला. 1 मार्च 1984 ला वाथच्या शेजारचीच कॉर्टनवूडची खाण बंद करण्याची बातमी आली, आणि तिथून देशभर खाणकामगारांचा संप पेटला. तो वर्षभर चालला. त्या संपात बायका घरी बसल्या नाहीत. गावोगाव त्यांनी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, रोजची शेकडो ताटं वाढली. मे महिन्यात जवळच्या बार्न्सली शहरात हजारो बायकांचा मोर्चा निघाला. ज्या कधी चार माणसांत बोलल्या नव्हत्या, त्या सभांमधून भाषणं करू लागल्या. संप 1985 च्या मार्चमध्ये हरला. खाणी एकेक करून बंद झाल्या, आणि 1988 पर्यंत यार्डही बंद पडलं. निवडायला वाघिणीच उरल्या नव्हत्या.

भाचीने मला तिथे नेलं तेव्हा मी शोधत होते ते टेकाड. यार्डाच्या परिसरात आता रस्ते आहेत, गोदामं आहेत, नवी घरं आहेत. त्याच खोऱ्यात ओल्ड मूर नावाची पाणथळ जागा पक्ष्यांसाठी राखून ठेवली आहे. आम्ही तिथे लाकडी बाकावर बसलो. शेजारी एक आजी दुर्बीण घेऊन बसल्या होत्या. भाचीने त्यांना सांगितलं की माझे वडील भारतात यार्डात होते. त्या म्हणाल्या, "माझेही." मग त्यांनी आपला उजवा हात पुढे केला आणि करंगळी दुमडून दाखवली. त्यांच्या वडिलांची ती नव्हती. मी माझी दोन बोटं दुमडली. भाषेची फारशी गरज पडली नाही. थोडा वेळ आम्ही तशाच बसलो. मग त्यांनी थर्मासमधला चहा मला दिला.

घरी परत आल्यावर मी आबांची ट्रंक उघडली. आबा जाऊन बारा वर्षं झाली. तिच्यात त्यांचा बिल्ला निघाला, शिट्टी निघाली आणि चौकशीचा तो कागद. आईला विचारलं, "आबांच्या टोळीतली माणसं कोण कोण होती?" आईचं वय आता सत्त्याऐंशी. काल काय जेवली ते तिला आठवत नाही, पण तिने अकरा नावं एका दमात सांगितली. कुणाच्या घरी किती मुलं होती, कुणाची बायको बाळंतपणात गेली, त्या रात्री आबांना हातगाडीवर घालून दवाखान्यात कुणी नेलं, सगळं सांगितलं. मी वही घेतली आणि लिहून काढलं. चौकशीच्या कागदावर दोन ओळी आहेत. आईच्या सांगण्याची चौदा पानं झाली.

आणि त्या चौदा पानांत एक गोष्ट निघाली, जी मला कधीच माहीत नव्हती. दिवा न दाखवता गाडी हलली, हे टोळीतल्या दोघांनी चौकशीत सांगितलं होतं. तसं सांगितलं म्हणून त्यांची बदली झाली. त्यांच्या बायका निघताना आईला भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. खरं तेच सांगितलं त्यांनी." आईने हे इतकी वर्षं मनात ठेवलं होतं, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा विचारलं नव्हतं.

आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेत आल्या आणि देशातल्या पहिल्या रेल्वे ड्रायव्हर बाई झाल्या. 8 मार्च 2011 ला त्यांनी डेक्कन क्वीन चालवली. तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो आले, आणि ते यायलाच हवे होते. पण त्यांनीही सुरुवात मालगाडीपासूनच केली होती. डेक्कन क्वीन फलाटावर येते ती कुणीतरी यार्डात लावून दिलेली असते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

तर मैत्रिणींनो, आज एवढंच सांगायचं होतं. तुमच्या घरात कुणी गिरणीत असेल, बंदरावर असेल, खाणीत, साखर कारखान्यात किंवा यार्डात असेल. त्यांच्याबरोबर कोण होतं, काम कसं चालायचं, काय लागलं, काय तुटलं, हे घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. पुरुष पुष्कळदा सांगत नाहीत, बायकांना सगळं आठवत असतं. एक वही घ्या आणि लिहून ठेवा. डेझीसारखी इंजिनं भंगारात गेली ती गेली. त्यांच्याजवळ उभ्या राहिलेल्या माणसांची नावं अजून आपल्या घरांत आहेत. आई अजून आहे तोवर मी माझी वही पुरी करते आहे.

तुम्हीही करा, आणि जमलं तर आपल्या केंद्रावर येऊन वाचून दाखवा. पुढच्या आठवड्यात ह्याच वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.